व्याह्यांची चिप, माझा प्रोग्राम

२ फेब्रुवारी, सकाळी ९.४०
नवी वही. संकल्प तीन. एक, व्याह्यांशी ऑफिसात भांडायचं नाही. दोन, त्यांच्याशी ऑफिसात बोलायचंच नाही, म्हणजे पहिला संकल्प आपोआप पाळला जाईल. तीन, या वहीत त्यांच्याबद्दल एक अक्षरही लिहायचं नाही. ही वही कामासाठी आहे.

काम असं. ऐकू कमी येणाऱ्या लोकांसाठी गळ्यात अडकवायची एक छोटी डबी. डबीच्या दोन बाजूंना दोन माइक, डबीतून निघालेल्या दोन वायरी दोन कानांना. आत एकच चिप. ती चिप तयार करतोय आमच्या ऑफिसचा वरचा मजला, म्हणजे हार्डवेअर. प्रमुख व्याही. चिपच्या पोटात कायमचा कोरला जाणारा प्रोग्राम लिहितोय खालचा मजला, म्हणजे सॉफ्टवेअर. प्रमुख मी. दोन्ही कामं एकाच वेळी चालली आहेत. चिप अजून जन्माला यायची आहे आणि मी तिला आत्तापासून वळण लावते आहे. वरचे म्हणतात, सॉफ्टवेअर काय, बसून करायचं काम.

माझी लेक त्यांची सून. लग्न तिचं तिनेच ठरवलं, ऑफिसच्या सहलीत. सहलीला तिला मीच घेऊन गेले होते. असो.

५ फेब्रुवारी
साहेबांनी सगळ्यांना बोलावून सांगितलं, सप्टेंबरात चिप कारखान्यातून येईल. गिऱ्हाईक कंपनीचे मालक स्वतः कमी ऐकतात, ते येऊन डबी गळ्यात घालतील. ती नीट चालली की वरचा आणि खालचा मजला एक करायचा. प्रमुख एकच. कोण, ते त्या दिवशी कळेल. हे सांगताना साहेब एकटक माझ्याकडे पाहत होते. (व्याही बरोबर माझ्या मागे बसले होते, पण त्याचा इथे काही संबंध नाही.)

अठ्ठावीस वर्षं झाली मला इथे. निवृत्तीला दोन उरलीत. माझ्या हाताखाली शिकलेल्यांच्या केबिनना खिडक्या आहेत. माझ्याही केबिनला आहे, ती जिन्यात उघडते. दिवसभर लोकांच्या चपला दिसतात. प्रमुखांच्या केबिनला दोन खिडक्या आणि बाहेर एक मोठं झाड.

पडदे फिकट पिवळे घ्यावेत.

९ फेब्रुवारी, सकाळी १०.५०
उशीर झाला. दोष टॅक्सीवाल्याचा. त्याला डावीकडे वळा म्हटलं, तर तो डावीकडेच वळला. मी हात उजवीकडे दाखवत होते, तो बघायला नको? आजकाल लोक नुसतं ऐकतात, समजून घेत नाहीत.

माझं डावं-उजवं पूर्वी थोडं कच्चं होतं हे मान्य. मी मूळची डावरी. शाळेत सिस्टरांनी पेन काढून दुसऱ्या हातात दिलं आणि तिथून दोन्ही हात मला सारखेच परके झाले. मग प्रार्थनेच्या रांगेत मी उलटी वळायला लागले, तेव्हा सिस्टरांनीच माझ्या उजव्या मनगटाला लाल रिबन बांधली. रिबनची बाजू ती उजवी, बाळ. त्यांच्या बोटांना खडू आणि साबणाचा वास यायचा. चौथीत रिबन सोडली. तेव्हापासून काही अडचण नाही.

१६ फेब्रुवारी
चिप येईपर्यंत प्रोग्राम चालवून बघायला एक नकली चिप आहे. नाव इम्युलेटर. आकाराने कपाटाएवढा, म्हणून सगळे त्याला कपाटच म्हणतात. खऱ्या चिपचं सोंग घेतो, पण मंद. खरी चिप जे एका क्षणात करेल, त्याला कपाट पाऊण तास घेतं. आज त्याने ‘हॅलो’मधला फक्त ‘हॅ’ म्हटला आणि जेवणाची सुट्टी झाली.

नियमाप्रमाणे सकाळी कपाट वरच्यांचं, दुपारी आमचं. दीड वाजता गेले, तर वरची माणसं हललेली नाहीत. दोन वाजता घसा खाकरला. सव्वादोनला वायर काढली. त्यांचं पाच तासांचं काम गेलं म्हणे. घड्याळ बघायची सवय लागेल.

बोलले नाही. संकल्प पाळला.

२ मार्च
आज मी कपाटाचा निम्मा वेळ वाचवला. युक्ती साधी. दोन्ही कानांत एकच आवाज सोडायचा आणि एकच कान तपासायचा. एक बरोबर तर दुसराही बरोबर. जुळ्या मुलांचा ताप कोणी वेगवेगळा मोजतं का?

(घरी यांना सांगितलं, तर हे म्हणाले, मोजतात.)

चाचणी विभागाच्या बाईंनी अर्थातच हरकत घेतली. चाचणी विभाग म्हणजे त्या एकट्या. दर मंगळवारी चार वाजता त्या दोन्ही मजल्यांची बैठक ठेवतात. मी कधी जात नाही, कारण व्याही येण्याची शक्यता असते. व्याही माझ्यामुळे येत नाहीत. त्या एकट्याच बसतात आणि बैठकीचं टिपण पाठवतात. मी त्यांना मनात मंगळवारबाई म्हणते. आज जिन्यात गाठून म्हणाल्या, मॅडम, दोन कानांत दोन वेगळे आवाज एकदा तरी सोडून बघू या हो. मी म्हटलं, वेळ आहे का? त्या म्हणाल्या, मंगळवारी चार वाजता आहे.

काही लोकांना विनोद जमत नाही, तरी करतात.

२३ मार्च
झोपेवरून भांडण. शांतता असेल तेव्हा चिपने झोपायचं, म्हणजे बॅटरी दोन दिवस पुरते. प्रश्न एवढाच, झोपवायचं कोणी? वरचे म्हणतात प्रोग्रामने. मी म्हणते सर्किटने. प्रोग्रामला आधीच जागा कमी, एकेक ओळ मी चिमटीने उपटून काढते आहे. साहेबांसमोर व्याही म्हणाले, यांचा प्रोग्राम जागाच इतकी खातो की चिप झोपणार कुठे? सगळे हसले. मी साहेबांकडे बघून म्हटलं, काहींच्या चिपला जागं करायलाही प्रोग्रामच लागतो. कोणी हसलं नाही. वार खोल गेला असणार.

संकल्प मोडला नाही. मी साहेबांशी बोलत होते.

शेवटी दोन्ही मजल्यांनी झोपवायची सोय केली. आता चिप झोपली की उठतच नाही. उद्या बघू.

१२ एप्रिल, रविवार
लेकीकडे जेवायला, म्हणजे व्याह्यांकडे. रविवारी आम्ही एकमेकांशी अत्यंत गोड बोलतो. विहीणबाई, आणखी थोडं घ्या. नको, पोट भरलं. असं कसं, माझ्यासाठी घ्या. शेवटी लेक म्हणाली, आई, बाबा, सोमवार ते शनिवार तुम्ही माझ्या फोनवरून एकमेकांना निरोप पाठवता आणि आज हा काय तमाशा चाललाय? यांना तेवढ्यात ठसका लागला. हे हसताना नेहमी ठसक्याचं सोंग करतात.

हात धुताना व्याही हळूच म्हणाले, तुमचा प्रोग्राम वाचला, फार सुंदर लिहिलाय. हेरगिरी! मग म्हणाले, फक्त एक विचारायचं होतं, चिपमधले ते खण बारा आणि तेरा... मी तिथेच थांबवलं. म्हटलं, ऑफिसचं ऑफिसात. त्यांनी टॉवेल पुढे केला.

माणसाला कसं जागेवर ठेवावं हे मला सिस्टरांनी शिकवलं.

१४ एप्रिल
वरून चिठ्ठी. ‘खण १२-१३ बद्दल दोन मिनिटं हवी होती.’ उत्तर पाठवलं, ‘सर्व माहिती कागदपत्रांत आहे. कृपया वाचावीत.’ कागदपत्रं त्यांनीच लिहिलेली आहेत, म्हणून उत्तर जास्तच झोंबलं असेल.

१९ मे
नवं काम हाती घेतलंय. व्याह्यांच्या चुकांची यादी. चिप आली की त्याच दिवशी साहेबांपुढे ठेवायची. शांतपणे, हसतमुखाने. आत्तापर्यंत एकेचाळीस. त्यातल्या सव्वीस शुद्धलेखनाच्या आहेत, पण साहेब कुठे मोजत बसणार. पन्नास करायच्या आहेत. त्यासाठी त्यांची कागदपत्रं मुळापासून वाचावी लागतील. इतके दिवस मी ती चाळली होती. चाळणं म्हणजे वाचणंच, फक्त जलद.

पडद्यांचं कापड बघून आले. फिकट पिवळं नाही, लोण्याच्या रंगाचं. व्याह्यांचं टेबल झेरॉक्स मशीनपाशी ठेवावं. उबदार राहील.

११ जून, दुपारी ३.१५
लेकीचा फोन. म्हणाली, बाबा (म्हणजे व्याही) आज दुपारीच घरी आले, फार खुशीत आहेत. म्हणाले, आज एकाची लाज राखली. कोणाची, तर सांगत नाहीत, नुसते हसतात. लाज राखली म्हणजे स्वतःचीच असेल. परवा चिपचं डिझाइन आणि माझा प्रोग्राम दोन्ही कायमचे बंद होऊन कारखान्यात जातात, त्यानंतर कोणालाच काही बदलता येत नाही. शेवटच्या क्षणी काही सापडलं असणार. यादीत घेतलं, क्रमांक अठ्ठेचाळीस: ‘अज्ञात चूक’.

१२ जून, सकाळी ११.०५
व्याह्यांची कागदपत्रं, पान चौसष्ट. दोनदा वाचलं. चष्मा पुसून पुन्हा वाचलं.

चिपमध्ये हुकमासाठी खण असतात. कोणत्या खणात काय टाकलं की काय होतं, ते या कागदपत्रांत असतं. खण बारा: डावा कान. खण तेरा: उजवा कान.

माझ्या प्रोग्रामात बारा उजवा आहे.

११.२०
पाणी प्यायले. ही चूक नाही, हा मुद्रणदोष आहे. पान चौसष्टवर अक्षर बारीक आहे. शिवाय बारा हा आकडा दिसायलाच उजवा वाटतो. आणि ‘बारा डावा’ असं कोणी ठळक सांगितलं असतं, तर हे झालंच नसतं. या ऑफिसात कोणी कोणाशी बोलतच नाही.

११.५५
दुरुस्त केलं. चार ओळी. केलेल्या प्रत्येक बदलाची नोंद रजिस्टरमध्ये करायची असते. नोंद केली: ‘स्वल्पविराम सुधारला.’ खोटं नाही. चौथ्या ओळीत एक स्वल्पविराम होता.

कपाटावर चालवून बघितलं. दोन्ही कानांत एकच आवाज, स्वच्छ. बरं झालं, व्याह्यांच्या लक्षात यायच्या आत दुरुस्त झालं. नाही तर जन्मभर ऐकावं लागलं असतं, आणि रविवारी तर जेवतानासुद्धा.

१३ जून
गेलं कारखान्यात. सर्वांनी टाळ्या वाजवल्या. व्याह्यांनी माझ्याकडे बघून मान लववली. काय तो आव! जशी काही माझ्यावर मेहेरबानीच केली आहे. मीही लववली, जराशी कमी.

मंगळवारबाईंनी शेवटचं विचारलं, दोघांपैकी कोणी शेवटच्या आठवड्यात काही बदललंय का? आम्ही दोघं एकदम म्हणालो, नाही. एवढं एकमत गेल्या तीन वर्षांत प्रथमच.

७ जुलै
वाट पाहणं. भाषणाचा मसुदा केला. सुरुवात: ‘हा विजय माझा एकटीचा नाही.’ खोडलं.

२० ऑगस्ट
गिऱ्हाईक कंपनीने पाचशे डब्या तयार ठेवल्या आहेत. वायरींच्या छिद्रांपाशी डावा-उजवा छापूनही झालं. चिप आली की आत बसवायची आणि पहिल्या पाचशे लोकांना पाठवायची. त्यात लहान मुलं आहेत म्हणे. हे वाचून जरा वेळ काम सुचेना. कधी न ऐकलेली आई पहिल्यांदा ऐकू येणार एखाद्याला, माझ्या प्रोग्राममधून.

(आणि काही प्रमाणात चिपमधून.)

१५ सप्टेंबर, सकाळी ९.००
आज. निळी साडी. यादी पर्समध्ये, पन्नास पूर्ण. पडद्याचं कापड गाडीत आहे, माप घेऊनच यावं म्हणून. हे म्हणाले, जरा थांब की. यांना महत्त्वाकांक्षा म्हणून नाहीच.

दुपारी १.४०
चिप बोलली! पहिल्या फटक्यात. मालकांनी डबी गळ्यात घातली, डोळे मिटले आणि म्हणाले, पंखा ऐकू येतोय. साहेबांचे डोळे भरून आले. माझेही, पण ते धुळीमुळे.

मग परीक्षा. मी मालकांच्या डाव्या हाताला उभी, व्याही उजव्या. आधी मी पुढे होऊन म्हटलं, नमस्कार, प्रवासाचा त्रास नाही ना झाला? मालक प्रसन्न हसले, व्याह्यांकडे वळले आणि त्यांना म्हणाले, छे छे, अगदी आरामात आलो. मी पुन्हा म्हटलं, चहा घेणार? ते व्याह्यांना म्हणाले, साखर कमी. हे आधीच ठरलेलं दिसतंय. गिऱ्हाईकसुद्धा वरच्या मजल्याने फोडलं.

मग व्याही म्हणाले, आवाज फार मोठा तर नाही ना? मालक गर्रकन माझ्याकडे वळले आणि फार प्रेमाने म्हणाले, नाही हो, तुमचा आवाज अगदी गोड येतोय. शेवटी गुणांची कदर होतेच. मी व्याह्यांकडे विजयी नजरेने पाहिलं. ते पांढरे पडले होते.

तेवढ्यात मंगळवारबाई मालकांच्या मागून डाव्या खांद्यापाशी गेल्या आणि चुटकी वाजवली. मालकांनी उजवीकडे पाहिलं. उजवीकडे वाजवली. डावीकडे पाहिलं. तीनदा. मग त्या फक्त एवढंच म्हणाल्या, दोन्ही रजिस्टर आणा.

दुपारी ४.३०
रजिस्टर सर्वांसमोर मोठ्याने वाचली गेली. माझं: ‘१२ जून. स्वल्पविराम सुधारला.’ त्यांचं: ‘११ जून. किरकोळ साफसफाई.’

साहेब म्हणाले, कोण आधी सांगणार? मग व्याही खाली बघत म्हणाले, विहीणबाईंच्या प्रोग्राममध्ये कान उलटे होते. दोनदा सांगायला गेलो, ऐकून घेईनात. सगळ्यांसमोर काढलं असतं, तर यांची शोभा झाली असती, घरी सुनेला वाईट वाटलं असतं. म्हणून मीच चिपच्या आतल्या वायरी उलट्या केल्या. उलट्याला उलटं, म्हणजे सुलट.

साहेब माझ्याकडे वळले. मी स्पष्ट सांगितलं, माझा प्रोग्राम उलटा नव्हता. बारा जूननंतर.

कोणीतरी मागे हसलं. मंगळवारबाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, तीन वर्षं तुम्ही दोघांनी एकमेकांची एकही गोष्ट मानली नाहीत. एकदाच समजूतदारपणा केलात, तोही दोघांनी, तोही गुपचूप, तोही एकाच आठवड्यात. भांडत राहिला असतात, तर चिप बरोबर आली असती.

मालकांनी कानातल्या वायरी काढल्या, अदलाबदल करून घातल्या आणि म्हणाले, आता बरोबर येतंय की. मग त्यांनी चहा मागितला. यावेळी माझ्याकडे बघून.

यादी पर्समध्येच राहिली. बाहेर काढली असती, तर एक्कावन्नावी कोणाची, असं कोणीतरी विचारलं असतं.

१७ सप्टेंबर
दोन्ही मजले एक झाले. प्रमुख मंगळवारबाई. केबिनला पडदे नकोत म्हणाल्या, झाड दिसू दे.

चिप पुन्हा बनवायची नाही. नुसत्या वायरींची अदलाबदल झाली की काम भागतं, म्हणून डब्यांवर छापलेल्या डाव्या-उजव्यावर नवे स्टिकर लावायचे. पाचशे डब्या. प्रमुखांचा पहिला हुकूम, हे काम मी आणि व्याह्यांनी करायचं, एका टेबलावर, मंगळवारी चार वाजता. एकमेकांची चूक दिसली तर तिथल्या तिथे तोंडाने सांगायची. मी म्हटलं, माझ्या हुद्द्याला हे शोभत नाही. त्या म्हणाल्या, म्हणून तर.

लेकीचा फोन. रडत होती असं आधी वाटलं. हसत होती.

काल जिन्यात व्याही भेटले. माझी लाज राखायला त्यांनी चिप उलटी केली, याचा मी बराच विचार केला. गुन्हा आहे. पण असा गुन्हा माझ्यासाठी दुसऱ्या कोणी केल्याचं आठवत नाही. मी म्हटलं, रविवारी या. ते म्हणाले, येतो. तेवढंच.

२२ सप्टेंबर, मंगळवार, सायंकाळी ५.१०
पाचशे डब्या झाल्या. चूक होऊच नये म्हणून मी सकाळी घरूनच तयारीने निघाले होते. सिस्टरांची आठवण काढून लाल रबर घेतलं, रिबनसारखं मनगटाला घातलं. डबी तोंडासमोर धरली की छापलेला ‘डावा’ उजव्या हाताला येतो. तिथे, म्हणजे रबराच्या बाजूला, लाल स्टिकर, म्हणजे उजवा. दुसरीकडे निळा. इतकं सोपं. व्याही प्रत्येक डबी फिरवून फिरवून बघत होते, मी बघायचीसुद्धा नाही. त्यांच्या एकशे साठ झाल्या, माझ्या तीनशे चाळीस. तीनशे चाळीस वेळा एकदाही शंका आली नाही. आयुष्यात प्रथमच मला डावं-उजवं इतकं स्वच्छ कळत होतं.

मध्ये एकदा व्याही माझ्या हाताकडे बघत थांबले आणि म्हणाले, विहीणबाई, ते रबर... मी म्हटलं, हा माझ्या शाळेचा, माझ्या सिस्टरांचा, खासगी विषय आहे. त्यांनी पुढची डबी उचलली. जुन्या सवयी जायला वेळ लागतो. त्यांच्या.

पाच वाजता गाडी डब्या घेऊन गेली.

६.४५
घरी आले. यांनी दार उघडलं, चहा ठेवला, माझ्याकडे जरा वेळ पाहिलं आणि म्हणाले, अगं, सकाळपासून विचारीन म्हणतोय, डाव्या मनगटाला रबर कशाला घातलंयस?